‘येथील कुशल, विशेष’ : मराठी कौटुंबिक पत्रातील वार्तेचे कार्य

कौटुंबिक पत्र हा भारतीय साहित्याभ्यासात फारशी प्रतिष्ठा न लाभलेला लेखनप्रकार आहे. इतिहाससंशोधक त्यात राजकारणाचे धागे शोधतात, चरित्रकार थोर व्यक्तीच्या खासगी आयुष्याचे कवडसे शोधतात, आणि साहित्यसमीक्षक शैलीचे वेगळेपण दिसले तरच त्याची दखल घेतात. या तिन्ही चाळण्यांतून जे गळून पडते तो पत्रातील सर्वसाधारण मजकूर होय : कोणाला मुलगा झाला, कोणाचे दुखणे उतारास पडले, कोणाची मुंज ठरली, यंदा पाऊसपाणी कसे आहे, आणि अखेरीस ‘बाकी विशेष काही नाही’. असा मजकूर पत्रापत्रांतून जवळजवळ त्याच शब्दांत आढळतो, म्हणून तो रूढ आणि पर्यायाने निरर्थक मानला जातो.

प्रस्तुत लेखात नेमक्या याच मजकुराचा विचार करावयाचा आहे. आप्तांना घरची वार्ता कळविणे ही मराठी परंपरेत केवळ माहितीची देवघेव नव्हती. वार्ता पोहोचताच ती ऐकणाऱ्याची कर्तव्ये बदलत असत, आणि ज्याची कर्तव्ये अशी बदलतात तोच आप्त समजला जाई. वार्तेचे हे कार्य लक्षात घेतले तर पत्रातील साचेबंदपणा हा उणेपणा न राहता अर्थाचा वाहक ठरतो, असे येथे प्रतिपादन आहे.

१. शब्दांची साक्ष

पेशवेकालीन पत्रांत बातमीला सर्रास ‘वर्तमान’ म्हटलेले आढळते. ‘इकडील वर्तमान’ म्हणजे पत्र लिहितेवेळी जे चालू आहे ते. पत्र पोहोचेपर्यंत ते भूतकाळात जमा झालेले असे, तरीही शब्द ‘वर्तमान’च राहिला. पुढे तोच ‘वर्तमानपत्र’ या शब्दात गेला आणि घरगुती वार्तेसाठी मागे पडला. घराच्या वाट्याला उरले ते ‘क्षेम’, ‘कुशल’ आणि फारसीतून आलेली ‘खुशाली’. हे तिन्ही शब्द घटना सांगत नाहीत, स्थिती सांगतात.

‘समाचार’ या शब्दाचा प्रवास अधिक बोलका आहे. हिंदीत तो बातमी या अर्थी स्थिरावला. मराठीत मात्र ‘समाचाराला जाणे’ म्हणजे आजारी अथवा शोकग्रस्त माणसाच्या घरी जाऊन विचारपूस करणे, आणि ‘समाचार घेणे’ म्हणजे एखाद्याला फैलावर घेणेसुद्धा. म्हणजे मराठीने या शब्दातून बातमी जवळजवळ वगळली व बातमी कळल्यानंतर करावयाची कृती तेवढी ठेवली. हिंदी प्रदेशात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत दोन पिढ्यांच्या बोलण्यात हा शब्द दोन अर्थांनी वावरतो, तो या फरकामुळेच.

सर्वांत महत्त्वाचा शब्द ‘सोयरसुतक’. सोयर म्हणजे जन्मामुळे आणि सुतक म्हणजे मृत्यूमुळे आप्तांना येणारे अशौच. एखाद्याला कशाचेही ‘सोयरसुतक नाही’ असे म्हणताना मराठी भाषक त्याची बेपर्वाई सांगत असतो. पण या वाक्प्रचाराच्या मुळाशी नात्याची एक व्याख्याच आहे. ज्याच्या घरी मूल जन्मले किंवा माणूस गेले असता आपल्या घरातील दिनक्रम बदलावा लागतो, तो आपला. बाकीच्यांचे सोयरसुतक नाही.

२. मायना : नात्याचा नकाशा

पत्राच्या आरंभीचा मायना हा या व्यवस्थेचा दर्शनी भाग. वडिलांना ‘तीर्थरूप’, वडिलांच्या ठिकाणी असलेल्यांना ‘तीर्थस्वरूप’, धाकट्यांना ‘चिरंजीव’, सवाष्णीला ‘सौभाग्यवती’, विधवेला ‘गंगाभागीरथी’, औपचारिक संबंध असलेल्या गृहस्थाला ‘राजमान्य राजेश्री’. त्यानंतर वडिलांना ‘शि. सा. न. वि. वि.’, बरोबरीच्यांना ‘सा. न. वि. वि.’ आणि धाकट्यांना ‘अ. उ. आ.’. शिरसाष्टांग नमस्कार, साष्टांग नमस्कार, अनेक उत्तम आशीर्वाद ही सारी शरीराने करावयाची कृत्ये अक्षरांत आणि मग आद्याक्षरांत संकोचलेली आहेत. प्रत्यक्ष भेटीत प्रथम वाकून नमस्कार आणि मग बोलणे, हाच क्रम पत्रात राखला जातो.

पत्रलेखनाचे नियम सांगणारे ग्रंथ ही भारतात जुनीच गोष्ट आहे. गुजरातेतील ‘लेखपद्धति’ या संस्कृत संग्रहात राजशासनांबरोबर पिता, पुत्र, पत्नी यांच्या पत्रांचे नमुने आहेत. मिथिलेत विद्यापतीने ‘लिखनावली’ रचली. मराठीत ‘मेस्तक’ आणि ‘लेखनप्रशस्ती’ यांची परंपरा आहे. फारसीतील ‘इन्शा’ आणि मध्ययुगीन युरोपातील लॅटिन पत्रलेखनशास्त्र यांच्याशी तिची तुलना करता येईल. या सर्व परंपरांत अभिवादनाला मजकुरापेक्षा अधिक पाने दिलेली दिसतात. चुकीचा मजकूर पुढच्या पत्रात दुरुस्त करता येतो, चुकीचा मायना मात्र नात्यालाच धक्का देतो.

मायन्यात वार्ता किती खोल दडलेली असते याचे तीव्र उदाहरण पानिपताच्या नंतरचे आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी झालेल्या लढाईत सदाशिवरावभाऊ पडले. परंतु त्यांच्या मृत्यूविषयी पुढे अनेक वर्षे संशय नांदत राहिला. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई यांनी वैधव्याची चिन्हे स्वीकारली नाहीत. भाऊसाहेब म्हणवून घेणारा तोतया उभा राहिला आणि १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला. अशा स्त्रीला पत्र लिहिताना ‘सौभाग्यवती’ लिहावे की ‘गंगाभागीरथी’? या एका शब्दात वार्तेचा स्वीकार अथवा नकार सामावलेला होता. मजकुरात एक अक्षरही न लिहिता मायना बातमी देऊ शकत होता, किंवा ती नाकारू शकत होता.

३. कुशलाचे सूत्र

मायन्यानंतर येते ते कुशल. ‘येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जावे’ अशा आशयाचे वाक्य आणि मग ‘विशेष’. आधुनिक पत्रात त्याचेच ‘आम्ही सर्व येथे खुशाल आहोत, आपली खुशाली कळवावी’ असे रूप झाले. ‘विशेष’ हा शब्द येथे लक्षणीय आहे. तो कुशल आणि वार्ता यांच्यामधील उंबरठा होय. कुशल हे सामान्य, ते गृहीत धरूनही सांगावयाचे. त्यापलीकडचे ते विशेष. पत्राची अखेर ‘बाकी विशेष काही नाही’ या वाक्याने होते तेव्हा लेखक वाचकाला उगीच चिंता न करण्याची हमी देत असतो. काही दडवून ठेवलेले नाही, असा त्याचा अर्थ.

हे सूत्र केवळ मराठी नाही. कानडी आणि तेलुगू पत्रांत ‘उभयकुशलोपरि’ या एका सामासिक शब्दात दोन्हीकडची खुशाली उरकून लेखक विषयाकडे वळतो. तमिळ पत्राचा आरंभ आपण कुशल आहोत आणि आपले कुशल जाणून घेण्यास उत्सुक आहोत, अशा अर्थाच्या दोन लहानशा पदांनी होतो. प्राचीन रोममध्ये ‘तू कुशल असशील तर ठीक, मी कुशल आहे’ हे वाक्य इतके रूढ होते की ते केवळ आद्याक्षरांनी लिहीत. सेनेकाने आपल्या पंधराव्या पत्राच्या आरंभी या जुन्या रिवाजाचा उल्लेख करून त्याला तत्त्वज्ञानाचे वळण दिले. रोमन आद्याक्षरे आणि मराठी ‘सा. न. वि. वि.’ यांच्यातील साम्य योगायोगाचे वाटले तरी त्यामागील तर्क एकच आहे. जे म्हटलेच पाहिजे पण ज्यात नवीन काही नाही, ते संक्षेपाने म्हटले तरी चालते. न म्हटले तर मात्र चालत नाही.

मालिनोव्स्कीने १९२३ मध्ये संबंध राखण्यापुरत्या बोलण्याला स्वतंत्र संज्ञा दिली, त्या कोटीत हे सूत्र सहज बसते. परंतु कौटुंबिक पत्राच्या दृष्टीने अधिक उपयुक्त आधार थॉमस आणि झ्नान्येत्स्की यांच्या ‘द पोलिश पेझंट इन युरोप अँड अमेरिका’ (१९१८–२०) या ग्रंथाचा आहे. अमेरिकेत गेलेले पोलिश शेतकरी आणि त्यांची मागे राहिलेली माणसे यांची शेकडो पत्रे तपासून या अभ्यासकांनी असे दाखविले की, ती सर्व एकाच मूळ प्रकाराची रूपे आहेत. त्या प्रकाराला त्यांनी दिलेल्या नावाचा मराठी पर्याय ‘नमस्कारपत्र’ असाच होईल. आरंभी देवाचे नाव, मग आपली खुशाली, समोरच्यांच्या खुशालीची इच्छा, आणि शेवटी घरातील एकेकाला वाकून नमस्कार. ताटातूट झाली तरी कुटुंबाची एकजूट कायम आहे हे दाखविणे, हे त्याचे कार्य. माहिती देणे, भावना व्यक्त करणे, व्यवहार करणे ही कामे याच मुळावर फुटलेल्या फांद्या आहेत. वर ‘श्री’, मग नमस्कार, मग कुशल आणि शेवटी ‘वडील मंडळींस नमस्कार, मुलांस आशीर्वाद’ अशा बांधणीच्या मराठी पत्राला हे वर्णन जवळजवळ शब्दशः लागू पडते.

सूत्र मोडणारी पत्रे साहित्यात गेली, हेही येथे नोंदवावयास हवे. ‘ऊद-ए-हिंदी’ (१८६८) आणि ‘उर्दू-ए-मुअल्ला’ (१८६९) या संग्रहांतील गालिबच्या पत्रांनी लांबलचक फारसी उपाध्या टाकून पत्राला समोरासमोरच्या बोलण्याचे रूप दिले. ही पत्रे मुख्यतः मित्रांना आणि शिष्यांना आहेत. जेथे नाते निवडलेले असते तेथे मायना सोडता येतो. रवींद्रनाथांचे ‘छिन्नपत्र’ (१९१२) मुख्यतः पुतणी इंदिरादेवी यांना लिहिलेल्या पत्रांचे. छापताना त्यांतील खासगी भाग गाळला गेला. ग्रंथनामातील ‘छिन्न’ हे विशेषण त्याची कबुलीच म्हणावी लागेल. १९६० मध्ये ‘छिन्नपत्रावली’ आली तेव्हा पत्रांचे अधिक पूर्ण रूप वाचकांसमोर आले. घरची वार्ता वगळली की पत्राचे साहित्य होते, असा हा अलिखित संकेत आहे. मराठीत साने गुरुजींची ‘सुंदर पत्रे’ पुतणी सुधा हिला उद्देशून असली तरी त्यांचा वाचक घराबाहेरचाच आहे.

४. श्रवणाने लागणारे सुतक

पोलिश नमस्कारपत्र आणि मराठी कौटुंबिक पत्र यांच्यात एक मूलभूत फरक आहे, आणि तो अशुभ वार्तेच्या ठिकाणी उघड होतो. धर्मशास्त्रात दूरदेशी असलेल्या आप्ताच्या मृत्यूचा स्वतंत्र विचार आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायानुसार अशी वार्ता दहा दिवसांच्या आत कळली तर उरलेल्या दिवसांचे अशौच, दहा दिवस उलटल्यावर कळली तर तीन रात्रींचे, आणि वर्ष लोटल्यावर कळली तर केवळ जलस्पर्शाने शुद्धी. पुढील निबंधकारांनी काळाचे अधिक बारीक टप्पे केले आणि त्याला ‘अतिक्रान्ताशौच’ अशी संज्ञा रूढ झाली. पैठणहून काशीस गेलेल्या भट्ट घराण्यातील कमलाकरभट्टांचा ‘निर्णयसिंधु’ (१६१२) आणि पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्ये यांचा ‘धर्मसिंधु’ (१७९०) हे महाराष्ट्रात प्रमाण मानले गेलेले ग्रंथ. त्यांपैकी पहिला तर स्थलांतरित घराण्यातच लिहिला गेला, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. आप्त दूर पांगलेले असतात तेव्हाच वार्ता उशिरा पोहोचण्याचा प्रश्न उद्भवतो.

या विचाराचा साहित्याभ्यासाच्या दृष्टीने निष्कर्ष असा की, दूरस्थाचे अशौच घटनेने नव्हे, श्रवणाने सुरू होते. माणूस महिन्यापूर्वी गेलेला असला तरी पत्र वाचले जाईपर्यंत घरातील देवपूजा चालूच असते. पत्र वाचताक्षणी घरातील माणसे उठून स्नानाला जातात. ऑस्टिनने ज्या उक्तींना कृतिरूप म्हटले, त्यांच्याजवळ जाणारी ही वार्ता आहे, कारण तिचे उच्चारण हाच बदल असतो. म्हणूनच मंगलकार्य तोंडावर आले असताना आलेले पत्र घरातील एखाद्या जाणत्याने खिशात ठेवावे आणि कार्य उरकल्यावर बाहेर काढावे, असे प्रसंग जुन्या कुटुंबांच्या आठवणींत ऐकावयास मिळतात. त्या माणसाला खोटे बोलल्याचे नव्हे, तर घराचा भार एकट्याने वाहिल्याचे श्रेय दिले जाई.

वार्तेचे हे सामर्थ्य पत्राच्या देहावरही उमटते. लग्नपत्रिकेला हळदकुंकू लावतात. अशुभ पत्रावर ‘श्री’ लिहीत नाहीत आणि वाचून झाल्यावर ते घरात ठेवीत नाहीत. उत्तर भारतात अशा पोस्टकार्डाचा कोपरा फाडीत. गुजरातीत तर लग्नाची ‘कंकोतरी’ आणि मृत्यूची ‘काळोतरी’ अशी दोन स्वतंत्र नावेच आहेत. निरक्षर माणसालाही वाचण्याआधी पत्राचा प्रकार कळावा, अशी ही योजना. तिचा संशोधनावर झालेला परिणाम मात्र दुर्लक्षित राहिला आहे. अशुभ पत्रे नष्ट केली गेल्याने घराघरांत उरलेल्या पत्रसंग्रहांत सुखाचेच प्रमाण अधिक भासते. कुटुंबाच्या आयुष्यातील सर्वांत तीव्र लेखन त्या संग्रहात बहुधा नसतेच.

पानिपताची बातमी नानासाहेब पेशव्यांना भेलशाच्या मुक्कामी एका सावकारी पत्रातून कळली, आणि त्या पत्रात माणसांची नावे नसून मोती, मोहरा अशा नाण्याजवाहिरांची भाषा होती, असे परंपरेने सांगितले जाते. राज्यावरील संकट म्हणून या प्रसंगाची चर्चा झाली आहे. परंतु ज्याला ते पत्र वाचून दाखविले गेले तो एक बाप होता, त्याचा मुलगा आणि चुलतभाऊ या ‘मोत्यां’त होते. सांकेतिक भाषेने गुप्तता तर राखलीच, पण ऐकणाऱ्याला अर्थ उलगडण्यापुरता एक क्षणही दिला.

५. पत्र कोण लिहितो, कोण वाचतो

१८५४ मध्ये अंतर कितीही असले तरी पत्राला एकच दर लागू झाला. १ जुलै १८७९ रोजी पाव आण्याचे पोस्टकार्ड आले आणि पुढच्याच वर्षी मनीऑर्डर. या तीन गोष्टींनी कौटुंबिक वार्ता दरबारी आणि सावकारी जासुदांच्या हातून सामान्यांच्या हाती आली. पोस्टकार्ड उघडे असे. टपालवाल्यापासून शेजाऱ्यापर्यंत कोणीही ते वाचू शके. त्यामुळे त्यात लिहिण्याजोगे ते कुशलच. मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या कोकणातल्या माणसाच्या घरी मनीऑर्डरच्या फॉर्मखालची चार ओळींची जागा हेच पत्र असे. ते लिहिणारा अनेकदा खोलीतला कोणी शिकलेला आणि वाचणारा टपालवाला अथवा मास्तर. अण्णाभाऊ साठे यांच्या ‘माझी मैना गावावर राहिली’ या छक्कडीत गावी राहिलेली पत्नी आणि मुंबईतला पती यांच्यातील जे अंतर आहे, ते या उसन्या हस्ताक्षरांनी भरून निघण्यासारखे नव्हते.

सासुरवाशिणीची स्थिती आणखी अवघड. तिचे पत्र सासऱ्याच्या नजरेखालून जाई आणि माहेरी ते सर्वांसमोर मोठ्याने वाचले जाई. तिने लिहिलेले ‘मी येथे सुखरूप आहे’ हे वाक्य म्हणूनच दोन प्रकारे वाचावे लागते. सूत्र तिला बोलू देत नव्हते, पण तिची लाजही तेच राखीत होते. आईला मात्र ठरावीक वाक्यातील एखादा गळालेला शब्द पुरेसा असे. नेहमी येणारा कोणाचा तरी नमस्कार यावेळी का आला नाही, हा प्रश्न पत्रापेक्षा मोठा होई. साचा जितका घट्ट, तितका त्यातील किंचित बदल अधिक बोलका. ही गोष्ट छंदाच्या अभ्यासकाला नवी नाही.

ज्यांना अक्षरओळख नव्हती त्या बहुसंख्य स्त्रियांची वार्ता ‘सांगावा’ म्हणून जात असे. बाजाराला जाणारा गाववाला, वारकरी, बांगड्या भरणारा कासार यांच्या तोंडी निरोप दिला जाई. सणाला न्यायला येणारा भाऊ, म्हणजे मुराळी, हा चालतेबोलते पत्रच. जात्यावरच्या ओव्यांत या सांगाव्याला फार मोठे स्थान आहे. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी सुरू केलेल्या कामातून एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. पत्रात जे लिहिता येत नव्हते ते, म्हणजे सासरचा जाच, भावाने न येणे, आईनंतर माहेर तुटणे, हे सारे या ओव्यांत उघडपणे येते. लिखित कुशल आणि गायिलेले दुःख ही एकाच व्यवस्थेची दोन अंगे आहेत. केवळ पत्रसंग्रहांवरून मराठी कुटुंबाचे चित्र काढणारा अभ्यास अर्धा, आणि बहुतांशी वरिष्ठ जातींच्या पुरुषांचा राहील.

या पार्श्वभूमीवर आनंदीबाई जोशी यांची पत्रे अपवादात्मक ठरतात. पती गोपाळराव टपालखात्यात नोकरीला, त्यामुळे बदल्यांमागून बदल्या. ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून निघालेल्या आनंदीबाई १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवीधर झाल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी वयाच्या बाविसाव्या वर्षाच्या आत त्यांचा मृत्यू झाला. काशीबाई कानिटकर यांनी १८८९ मध्ये लिहिलेल्या चरित्राला या पत्रव्यवहाराचा मोठा आधार आहे. आहार, पोशाख, थंडी, प्रकृती हे त्यातील विषय कोणत्याही घरगुती पत्राचेच आहेत. परंतु येथे पत्र सासऱ्याच्या नजरेखालून जात नव्हते आणि जहाजाच्या टपालाला लागणाऱ्या आठवड्यांमुळे प्रत्येक उत्तर जुन्या प्रश्नाला मिळत होते. कुशल सांगता सांगता स्त्री आपल्या निर्णयांची कारणे देऊ लागते आणि खुशालीच्या पत्राला आत्मचरित्राचा सूर लागतो. मराठी स्त्रियांच्या आत्मकथनाचा उगम शोधताना अशा पत्रांकडे वळावे लागेल.

६. मराठी प्रदेशाबाहेर

बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, काशी, तंजावर या ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांच्या दृष्टीने कौटुंबिक पत्राला आणखी एक कार्य होते. शाळा आणि कचेरी हिंदी, गुजराती किंवा तमिळमध्ये चालत असताना मराठी लिहिण्याचा प्रसंग घरच्या पत्रानेच येई. मुलाला मराठी लिहावयास शिकविण्याचा आरंभ ‘आजोबांना दोन ओळी लिही’ या आज्ञेने होई, आणि त्या दोन ओळी म्हणजे मायना आणि नमस्कार. म्हणजे भाषेबरोबर नात्याची श्रेणीही तो शिकत असे. त्याच्या मराठीत ‘तीर्थरूप’ आणि ‘शिरसाष्टांग’ हे शब्द असत, पण बाजारातील रोजचे शब्द नसत. स्थलांतरितांची भाषा जुनी वाटते त्याचे एक कारण हे आहे. तिच्या लेखनाचा पाठ एका जुन्या साच्यावर बेतलेला असतो.

विसाव्या शतकाच्या मध्यावर शाळांतून मोडीचे शिक्षण संपले. त्यानंतरच्या पिढीला घरातील जुनी पत्रे अपरिचित चित्रांसारखी झाली. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातील मोडी कागदपत्रांवर अभ्यासकांनी काम केले आहे. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेपासून (पहिला खंड १८९८) सरदेसायांनी संपादिलेल्या ‘पेशवे दफ्तरा’च्या ४५ खंडांपर्यंत (१९३०–३४) मातब्बर घराण्यांची पत्रे छापली गेली. परंतु सामान्य घरातील ट्रंकेत बांधून ठेवलेल्या पत्रांना असा वाली नाही. ती वाचू शकणारा शेवटचा माणूस गेला की ती रद्दीत जातात.

७. पत्रानंतर

२ ऑक्टोबर १९५० रोजी आलेल्या आंतर्देशीय पत्राने उघड्या पोस्टकार्डाला पर्याय दिला. १९८०नंतरच्या दशकांत एसटीडीच्या पिवळ्या बूथांनी पत्राची सद्दी कमी केली. १४ जुलै २०१३ हा तारसेवेचा अखेरचा दिवस ठरला. दारात तारवाला दिसताच घरात रडारड सुरू व्हावी, इतकी तार अशुभाशी जोडलेली होती. त्याच तारेने सणाच्या शुभेच्छांसाठी क्रमांक दिलेली ठरावीक वाक्ये पुरविली होती. जुने सूत्र तेथे आद्याक्षरांऐवजी आकड्यांत वावरले.

आज कुटुंबाचा व्हॉट्सॲप गट हे वार्तेचे मुख्य स्थान आहे. रोज सकाळी येणारे ‘सुप्रभात’चे चित्र अनेकांना त्रासदायक वाटते, पण त्याचे कार्य ‘येथील कुशल’चेच आहे. चित्र आले म्हणजे काका सुखरूप आहेत. एक दिवस आले नाही तर फोन केला जातो. सूत्राची पोकळी आजही बातमी देते. बदल झाला आहे तो मायन्यात. पूर्वी एकच बातमी दहा नातेवाइकांना दहा मायन्यांनी लिहावी लागे, आणि लिहिताना प्रत्येक नाते एकदा आठवावे लागे. आता एकच वाक्य चाळीस जणांसमोर एकाच वेळी पडते. त्यात वडील आणि धाकटे, सोयरे आणि भाऊबंद यांचा भेद उरत नाही. या समतेचे स्वागतच करावयास हवे, कारण जुन्या श्रेणीने सासुरवाशिणीला आणि विधवेला काय दिले हे मायन्यातच लिहिलेले आहे. परंतु मृत्यूची वार्ता त्याच प्रवाहात विनोद आणि वाढदिवस यांच्या मध्ये येते, तेव्हा ती ऐकून उठावयाचे की अंगठ्याने पुढे सरकावयाचे, हे आता प्रत्येकाने स्वतःच ठरवावयाचे असते.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला येथून दोन कामे दिसतात. पहिले, कौटुंबिक पत्रातील साचेबंद भाग हा गाळावयाचा भाग न मानता त्याचे भारतीय भाषांतील नमुने शेजारी ठेवून वाचणे. ‘उभयकुशलोपरि’, ‘काळोतरी’ आणि ‘सा. न. वि. वि.’ यांच्यात नात्यासंबंधीच्या वेगवेगळ्या कल्पना दडलेल्या आहेत. दुसरे काम तातडीचे आहे. मोडी आणि बालबोध लिपीतील सामान्य कुटुंबांची पत्रे, विशेषतः महाराष्ट्राबाहेरील घरांतली, ती वाचू शकणारी माणसे आहेत तोवर नोंदवून घेणे आणि त्यांच्याकडून पत्रांत नसलेल्या वार्ताही विचारून घेणे. ज्या पत्रात ‘बाकी विशेष काही नाही’ असे लिहिले आहे, त्या घरात त्या वर्षी काय घडले होते, हे सांगू शकणारी आजी एखाद्या घरात अजून असू शकते. तिला विचारणे हा संशोधनाचा भाग आहे, आणि मराठी शब्दाच्या जुन्या अर्थाने तो समाचारही आहे.